नाळेला पाजलेली साखर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुकानदार वजन करायला लागला की मी काट्याकडं बघते. कुणी फार गोड बोलायला लागलं की ह्याचं काय काम अडलंय, हे आधी शोधते. पण नव्वदच्या दशकात मिरजेत जे काम मी करत होते, तिथं चक्र उलटं फिरलं. तिथं येणारी-जाणारी माणसं माझ्यावरच संशय घ्यायची. खरं सांगू का, त्यांचं फार चुकत नव्हतं, कारण मी बाळंतिणींच्या खोलीबाहेर उभी राहून नाळ मागत होते.

एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. आमच्या मॅडमना एकच गोष्ट शोधायची होती. रक्तात साखर वाढली की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचं नेमकं काय होतं? जिवंत माणसाची शीर काही कापून बघता येत नाही. पण बाळ जन्मलं की जी नाळ कापतात, तिच्यात एक चांगली जाड शीर असते, आणि तिचं अस्तर अगदी कोरं असतं. ते अस्तर सोडवायचं, त्याच्या पेशी बशीत घालून शरीराएवढ्या ऊबेच्या कपाटात वाढवायच्या. काही बशांना साधं पोषण द्यायचं, काहींना जास्त साखरेचं. मग बघत बसायचं. मॅडमचा दंडक असा, की घरच्यांनी तोंडानं ‘हो’ म्हटल्याशिवाय नाळेला हात लावायचा नाही. दंडक त्यांचा होता आणि बोलणी मला खावी लागायची.

आमच्याकडं नाळ-वार घरी नेऊन परसात खोल पुरतात. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. नाळेला जे होईल ते बाळाला होईल, अशी समजूत. म्हसवडकडची एक आजी मांडीवर डबा घेऊनच बसली होती. मी नुसतं तोंड उघडलं, तर तिनं डबा पदराखाली घेतला.

“नाळ कशाला पायजे गं तुला?”

“तपासायला, आजी.”

“तपासायला लेकरू हाय की. नाळ कशापायी? लिंबू-टाचन्या टोचून कुटं पुरशील, आमाला काय ठावं?”

दुसरी एक म्हणाली, ह्या नाळा मुंबईला जातात आणि त्याची तोंडाला लावायची क्रीम होते. झालं! त्या दिवशी अख्ख्या वॉर्डात मला कुणी नखभर नाळ दिली नाही. मी चिडून परत आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तुझी असती तर तू दिली असतीस का?” मी बशा धुवायला घेतल्या, कारण मी मुळीच दिली नसती.

आता घरचं सांगते. आमचं घर आष्ट्याजवळ. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. फौजेतून हवालदार म्हणून परत आले आणि ऊस करायला लागले. फौजेनं त्यांना दोन गोष्टी दिल्या. चादरीची घडी सुरीनं कापल्यासारखी घालायची सवय, आणि साखरेचा पाक म्हणावा असला चहा. साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी चहा फिका करायला सांगितला. आबा “जी” म्हणाले. त्यांचं ते ‘जी’ मी ओळखते. साहेबापुढं म्हणायचं ‘जी’ ते.

मी नाळा मागत फिरत होते त्याच वर्षी नवी चप्पल त्यांच्या उजव्या अंगठ्याला चावली. चावली ते त्यांना कळलंच नाही. चप्पल आतनं ओली का लागतेय म्हणून आईनं बघितलं, तर अंगठ्याला खड्डा पडला होता. दुखत कसं नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, “न्हाई दुखत. मर्दाचं पाय हायती.” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. साखर खरोखर आटोक्यात असेल तर जखम भरेल. नसेल तर अंगठा जाईल, आणि सडल्याचं काळेपण वर चढलं तर पाय. रोज पहाटे उसाला पाणी पाजायला बांधावरनं जाणारा माणूस, त्याचा पाय! मला रडूच आलं. मग रागही आला, कारण डॉक्टरांच्या हातातला कागद सांगत होता की साखर अगदी बेतात आहे. दर महिन्याचा रिपोर्ट असाच.

मला तो रिपोर्ट पटेना. बशीतल्या पेशी रोज बघणारी बाई मी. बेतातल्या साखरेनं बधीर झालेला पाय आणि न भरणारी जखम ह्यांची सांगड मला लागेना. आधी तपासणाऱ्या माणसावर संशय घेतला. दुसरीकडं तपासून आणलं, तरी तेच. मग आईवर घेतला. ती म्हणाली, “माज्यावर कशाला डाफरतीस? मी काय त्यास्नी चोरून लाडू चारते व्हय?” मग शेतातल्या मोटारीच्या खोलीत गेले. तिथं फडक्याच्या मागं काकवीची बाटली सापडली, निम्मी रिकामी. उसाच्या पाकाची बाटली, साखरेच्या माणसाकडं! मी ती आबांच्या पुढ्यात आदळली.

“ही कुणाची?”

“बैलांची.”

“आपल्याकडं बैल कुठं हाईत आता?”

“मग पाव्हन्यांची आसंल.” आणि वर मलाच विचारतात, “मी चोरून खात आसतो तर रिपोर्ट साफ कसा आला? त्यो बी खोटा व्हय?”

बाटली खरी होती आणि रिपोर्टही खराच होता. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ह्यानं माझं डोकं उठलं.

तेवढ्यात वहिनी मिरजेलाच बाळंत झाली. मुलगी झाली. मी आत गेले तर वहिनी दमलेली, पण हसत होती. भीत भीतच विचारलं. ती म्हणाली, “घ्या की वन्सं. कुठं न्यायचीय ती, पुरायचीच की.” इतक्या दिवसांत इतकं सरळ मला कुणीच दिलं नव्हतं. मी वीतभर नाळ घेतली आणि बाकीची वारेसकट नीट बांधून आईच्या हाती दिली. आबांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी टाळलं. भांडण नको होतं.

पण आबा ते आबा. परसात खड्डा काढून पुरायच्या आधी त्यांनी बोचकं सोडून बघितलं. जन्मभर गायी-म्हशी व्यालेल्या बघितलेला माणूस. “नाळ तोकडी हाय,” म्हणाले. “कुनी कापून घेतली?” दवाखान्यावर आरडाओरडा करायला ते निघालेच होते. मग आईनं सांगून टाकलं.

पायापायी आईनं त्यांना आठवडाभर अडवून धरलं, मग एक दिवस पहिल्या एसटीनं ते मिरजेत हजर. पायाला पट्टी, डोक्याला फेटा, हातात छत्री. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून म्हणाले, “दाव. माज्या नातीचं काय केलंईस ते दाव.” मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला त्यांना बराच वेळ लागला. मग एकदम स्तब्ध झाले.

“फरशी बसवल्यागत दिसतंय.”

“तिच्या शिरेचं अस्तर हाय ते, आबा. आपल्या समद्यांच्या शिरेत आतनं असंच असतं.”

“जित्तं हाय?”

“व्हय.”

“मग तीच की.” असं म्हणून ते बराच वेळ बघत राहिले. मी कधी त्यांना एवढा वेळ एका जागी बसलेलं बघितलं नव्हतं. मग त्यांची नजर बशांच्या झाकणांवर गेली. “ह्या बशीला लाल रेघ कशाची?”

मी सांगितलं, “तिला जास्त साखर घातलीय.”

देवा रे! असला आवाज चढला की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात आली. “लेकराला साखर पाजलीस? पाळन्यात घालायच्या आधी? आत्या हाईस का वैरीन?”

मी परोपरीनं सांगितलं की ह्यानं बाळाला काही होत नाही, नाळ एकदा कापली की तिचा बाळाशी संबंध संपला. ऐकतील तर शपथ! शेवटी मॅडमनीच विचारलं, “आजोबा, तुमच्याकडं गुऱ्हाळ आहे ना? चुलवाणात उसाची चिपाडं बेतानं घातली तर काय होतं?”

“जाळ व्हतोय. दुसरं काय?”

“आणि कोंबली तर?”

“धूर. डोळं फुटायची येळ.”

“इथं तेच होतं,” मॅडम म्हणाल्या. “काही पेशी साखर फार झाली की दार ओढून घेतात. शिरेच्या अस्तराला ते जमत नाही. रक्तात जेवढी साखर, तेवढी त्यांच्या आत येते. ती जाळता जाळता धूर निघतो. धूर म्हणजे ऑक्सिजनचेच चिडलेले कण. पेशीकडं तो धूर विझवायला थोडं पाणी असतं, तेही संपतं. मग ते कण पेशीच्या भिंतीतली चरबी नासवतात, खोबरं खवट होतं तशी. असं अस्तर बिघडलं की पुढं रक्त नीट जात नाही. लांबच्या बोटांना आधी कमी पडतं.”

ह्या धुराचं शास्त्रातलं नाव ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, पण तो शब्द मॅडमनी उच्चारलाही नाही. आबांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. ते मी पाहिलं.

“मग बंद करा ती साखर,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

मी म्हटलं, “बंदच करणार हाय. तसंच ठरलंय. एका बशीची साखर काढून दोन दिवस साधं पोषण द्यायचं आणि मग तपासायचं.”

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. “दोन दिस? मग झालं तर! दोन दिसात समदं साफ व्हतंय. मला इचार की.”

मी हळूच विचारलं, “तुमाला कसं ठावं, आबा?”

त्यांनी जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. मग सगळं बाहेर आलं. फौजेत साहेबाचं इन्स्पेक्शन असलं की दोन दिवस आधी बराक घासूनपुसून लख्ख करायची, बूट चमकवायचे. साहेब बघणार, पास करणार, जाणार. मग पुन्हा आपलं चालू. रक्ताची तपासणी हेही त्यांनी तसंच धरलं होतं. तारखेच्या दोन दिवस आधी नुसती भाकरी आणि मेथीची भाजी, चहा बंद, काकवी बंद. रिपोर्ट आला की “पास झालो” म्हणून घरी येऊन कपभर गोड चहा. ह्यात फसवणूक आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. इन्स्पेक्शनची तयारी करायची नाही, तर काय घाण दाखवायची साहेबाला?

मी कपाळाला हात लावला. ह्या रिपोर्टांवर डॉक्टर गोळी वाढवत नव्हते. आणि अंगठा आतून सडत होता.

“मग दोन दिवसांनी या,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं म्हणणं बरोबर निघतंय का ते बघू.”

ते आले. मी तीन नळ्या तयार केल्या होत्या. एक कायम साध्या पोषणावरच्या पेशींची, एक कायम साखरेवरच्यांची, आणि तिसरी आधी साखर देऊन मग दोन दिवस बंद केलेल्यांची. खवट झालेली चरबी ठरावीक औषधाबरोबर उकळली की गुलाबी रंग येतो. जेवढी खवट, तेवढा गडद. त्या औषधाचा वास असला घाण, की आबांनी फेट्याचा शेव नाकाला लावला, पण स्टूल सोडलं नाही. पहिली नळी जेमतेम गुलाबी झाली. दुसरी चांगलीच गडद. आणि तिसरी? तिसरी दुसरीच्या शेजारी धरली तर चटकन फरक कळेना.

आबा तिसरीकडंच बघत होते. “हिची साखर बंद केली हुती न्हवं?”

“व्हय.”

“न्हाई केलीस. न्हाईतर वरनं रंग घातलास. मला भ्या दावाय.”

माझं टाळकंच सटकलं. पण मॅडम म्हणाल्या, “अगदी बरोबर, आजोबा. माझाही ह्याच्यावर विश्वास नाही. एका नळीवरून काही सिद्ध होत नाही. पुन्हा करू, तुमच्यासमोर.” त्या अशाच होत्या. हवा तसा निकाल आला की आधी स्वतःवर संशय घ्यायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना बरोबरीचा माणूस भेटला.

त्याच नाळेच्या आणखी बशा कपाटात होत्या. साखर काढून साधं पोषण घालताना आबा माझ्या खांद्यावरनं बघत होते. मी अदलाबदल करू नये म्हणून त्यांनी झाकणाच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावून घेतला आणि त्यावर सही केली. पेन्शनच्या कागदावर करायचे तसली, शेपूट ओढलेली. नळी उकळायच्या दिवशी आधी सही तपासली. तुटली नव्हती. मग स्वतः पाण्यात नळ्या उभ्या केल्या.

पुन्हा तोच गुलाबी रंग.

आबांनी तिसरी नळी उजेडाला धरली. मग नळीकडं बघतच म्हणाले, “म्हंजे वरनं झाडून घेतलं तरी आत ऱ्हातंय.”

“काही दिवस तरी राहतं,” मॅडम म्हणाल्या. “किती ते आम्हाला अजून ठाऊक नाही.”

“आन् माजं तर दर म्हैन्याला तेच चाललंय.” त्यांचा आवाज बारीक झाला. माझे आबा, ज्यांच्या हाकेनं पलीकडच्या रानातली माणसं मान वर करायची, ते असं बोलले. त्यांनी छत्री उचलली आणि जाता जाता मला म्हणाले, “पोरीला काय व्हनार न्हाई न्हवं? खरं सांग.”

“काहीही होणार नाही, आबा. तिची नाळ आहे, ती नाही.”

त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं, आणि गेले.

त्या महिन्यात तपासणीच्या आधी त्यांनी काहीच तयारी केली नाही. रोज खात होते तसंच खाल्लं, आणि तसेच जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट इतका वाईट आला की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. आबा ताठ उभे राहून म्हणाले, “नापास झालोय साहेब. ह्यो खरा हाय. आदलं समदं खोटं धरा.” डॉक्टर भयंकर चिडले, त्यांना जे बोलायचं ते बोलले, आणि त्याच दिवशी इन्सुलिन सुरू केलं. काकवीची बाटली आबांनी स्वतः गटारात ओतली. मी बघायला उभी होते. खोटं कशाला बोलू, मी बाटलीचा तळही उलटा करून बघितला.

अंगठा मात्र वाचला नाही. उशीर झाला होता. पण काळेपण तिथंच थांबलं आणि पाय राहिला. शस्त्रक्रियेच्या आधी आबांनी सर्जनला एकच अट घातली. अंगठा टाकायचा नाही, बांधून हातात द्यायचा. सर्जननी माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार? नाळा मागत फिरणारी मी!

घरी आल्यावर कुबडी टेकत ते परसात गेले. जिथं नाळ पुरली होती, तो दगड बाजूला केला आणि शेजारीच खड्डा काढायला लावला. मी बशा आणल्या होत्या. काम संपल्यावर उकळत्या वाफेत घालून निर्जंतुक केलेल्या. मॅडमनी न विचारताच त्या माझ्या पिशवीत घातल्या होत्या. आबांनी बशांच्या कडा बोटानं चाचपल्या, एकीवर त्यांच्या सहीचा तुकडा अजून चिकटलेला होता. बशा नाळेच्या बाजूला ठेवल्या आणि अंगठा अगदी त्यांच्या कडेला.

आई बडबडायला लागली, “आवं, बोटं कुनी पुरतं व्हय? लोक काय म्हनतील?”

“लोकांचं मला सांगू नगंस,” आबा म्हणाले. “राखनीला ठेवलाय. हिच्यासारखी कोन परत आली नाळ न्यायला, तर?”

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. वहिनी पोरीला घेऊन दारात उभी होती. आबांनी खड्डा बुजवला, वर दगड ठेवला, आणि कुबडी बगलेत घेऊन माझ्याकडं वळले. मी सांगायच्या आधीच त्यांनी हाताचं बोट पुढं केलं. माझ्या पिशवीत साखर तपासायचं यंत्र असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“घे, टोच. आन् आदीच सांगतो, सकाळी पोरीच्या नावानं पेढा आला हुता, निम्मा खाल्लाय.”

मी टोचलं. आकडा चढलेलाच आला. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलेल्या गोष्टीवर मी पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला नाही.